ऑइलचा दिवा लुकलुकतोय, खालून टकटक येतेय: इंजिन उतरवण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१३ ची स्विफ्ट डिझायर डिझेल, तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या मालकाकडून घेतलेली, मीटरवर १,३८,००० किलोमीटर. पुण्याहून कराडला येताना खंबाटकी घाट चढून आणेवाडी टोलनाक्याच्या रांगेत थांबलात आणि ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. थोडी रेस दिली की विझतो. सकाळच्या पहिल्या स्टार्टला पुढच्या बाजूने चार-पाच सेकंद खळखळ येते. आणि गेल्या आठवड्यापासून दोन-सव्वादोन हजार आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या) खालून वेगळीच टकटक. तीन गॅरेजांत तीन मतं मिळाली. एक म्हणतो स्विच बदला, दुसरा म्हणतो वीस-पन्नासचं (20W-50) जाड ऑइल टाका, तिसऱ्याने तडक इंजिन उतरवायचं म्हणून पासष्ट हजारांचा आकडा दिला.

तिघांपैकी कोणाचंही बरोबर निघू शकतं, म्हणून मी कोणाला नावं ठेवत नाही. पण तुमच्या लिहिण्यावरून एक दिसतं, की तिघांपैकी एकानेही गेज लावून प्रेशर मोजलेलं नाही. ताप आहे म्हणणाऱ्याने आधी थर्मामीटर लावायला हवा की नको?

सगळ्यात आधी, गाडी चालवणं थांबवा. गॅरेजपर्यंतसुद्धा टो करूनच न्या. तो लाल दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलला दाब आहे की नाही ते सांगतो. त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेल्यावर दिवा लावतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत प्रेशर कमी व्हायला कधीच सुरुवात झालेली असते, दिवा शेवटच्या पायरीवर ओरडतो. स्विच खराब असेल तर टोचे पैसे वाया गेले एवढंच. पण स्विच चांगला असेल आणि तुम्ही कराड-पुणे अजून दोन खेपा केल्यात, तर पाच हजारांचं काम ऐंशी हजारांवर जाईल.

प्रेशर म्हणजे काय हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. तुमच्याकडे शेती आहे असं लिहिलंय, तर ठिबकचं उदाहरण घ्या. विहिरीवरची मोटर पाणी ढकलते. गेजवर दिसणारा दाब मात्र एकट्या मोटरचा नसतो, पुढच्या नळ्या आणि ड्रिपर पाण्याला जी अडवणूक करतात तिचाही असतो. दोन लॅटरल उंदराने कुरतडल्या की मोटर तीच, पाणी तेच, पण दाब पडतो आणि टोकाच्या झाडाला काहीच पोचत नाही. दुसरा प्रकार म्हणजे फूट व्हॉल्व्हच्या जाळीत पालापाचोळा अडकतो, मोटरला पाणीच मिळत नाही, ती घरघरते. तिसरा, मोटरच झिजते. इंजिनात मोटरच्या जागी ऑइल पंप, फूट व्हॉल्व्हच्या जागी चेंबरमधली, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यातली जाळी, म्हणजे स्ट्रेनर, आणि कुरतडलेल्या लॅटरलच्या जागी झिजलेली बेअरिंगं. टोकाचं झाड म्हणजे वरचा कॅमशाफ्ट आणि टर्बो. यात एकच भर घाला: ऑइल गरम झालं की पातळ होतं, म्हणून सगळी गळती गरम इंजिनात आणि आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, उघडी पडते. घाट चढून टोलच्या रांगेत दिवा लागला तो याचमुळे.

आता तुमच्या इंजिनाविषयी दोन शब्द, कारण ते माझ्या हाताखालून शेकड्यांनी गेलंय. १२४८ सीसीचं हे १.३ लिटर डिझेल मुळात फियाटचं मल्टीजेट. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट. आपल्या रांजणगावलाही ते बनायचं. एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा नियम आला आणि मारुतीने ते बंद केलं, पण रस्त्यावर अजून भरपूर आहेत. इंजिन दणकट आहे. फक्त त्यात जेमतेम तीन लिटर ऑइल बसतं आणि त्या तीन लिटरवर चार जण जगतात: क्रँकची बेअरिंगं, टर्बो, वरचे हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्हची फट भरून काढणारे) आणि टायमिंग चेनचा टेन्शनर. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चेन ताणून धरतो. दाब गेला की चेन सैल होते, आवाज करते, आणि फारच सैल झाली तर दात सोडते. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेडचं काम निघतं.

म्हणून सकाळच्या खळखळीला मी तुमच्याइतकं हलकं घेणार नाही. रात्रभर उभ्या गाडीत एखाद-दोन सेकंद आवाज येणं चालतं, ऑइल वर चढायला तेवढा वेळ लागतो. चार-पाच सेकंद म्हणजे ऑइल उशिरा पोचतंय किंवा चेन लांबलीय. बहुतेक वेळा दोन्ही असतं.

गेज लावण्याआधी फुकटातली तपासणी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि ऑइल मोजायची काडी काढा. तुम्ही लिहिलंय की लेव्हल वरच्या खुणेच्याही थोडी वर आहे आणि त्यामुळे 'ऑइल तर भरपूर आहे'. मला नेमकी तीच गोष्ट खटकली. डिझेल गाडीत ऑइल न घालता लेव्हल वाढली, तर बहुधा डिझेल आत उतरतंय, इंजेक्टरमधून किंवा हाय प्रेशर पंपाच्या सीलमधून. काडीचा वास घ्या, बोटांत ऑइल चोळून बघा. डिझेल मिसळलेलं ऑइल बोटांत धरत नाही, पाण्यासारखं सुटतं. टिपकागदावर किंवा साध्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टाकून तासाभराने बघा. मधल्या काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडं लांब पसरलं असेल तर डिझेलचा संशय धरायचा. अर्थात शेवटचं ऑइल बदलताना कोणी घाईत अर्धा लिटर जास्त ओतलं असेल, असंही असू शकतं. गाडीच्या कागदांच्या पिशवीतल्या जुन्या बिलावर तारीख असेल तर बघा, गाडी विकण्याच्या आदल्या आठवड्यात ऑइल बदललेलं निघालं तर त्याचा अर्थ वेगळा.

तो अर्थ असा. आवाज करणारी, दिवा लावणारी गाडी विकायची असली की त्यात जाड ऑइल ओततात. गरम इंजिनात, म्हणजे १०० अंशांना, ३० ग्रेडच्या (पाच-तीसमधला दुसरा आकडा) ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असतो, ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९. जवळपास पावणेदोन पट. बेअरिंगमधून सुटणारं ऑइल अडतं, दिवा विझतो, टकटक दबते, गिऱ्हाईक खूश. तुम्ही गाडी घेतलीत, नंतर गॅरेजवाल्याने प्रामाणिकपणे कंपनीच्या ग्रेडचं पाच-तीसचं (5W-30) ऑइल घातलं, आणि झाकलेलं दुखणं महिन्याभरात वर आलं. तुम्ही लिहिलेल्या तारखा याला जुळतात. दुसऱ्या गॅरेजने सुचवलेला वीस-पन्नासचा उपाय म्हणजे हेच झाकण पुन्हा घालणं. त्यात भर म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीत पहाटे स्टार्ट मारलीत, तर ते जाड ऑइल टर्बोपर्यंत पोचायला आणखी वेळ घेईल.

आता गेज. मेकॅनिकल ऑइल प्रेशर गेज हजार-दोन हजारांत मिळतो आणि ज्या गॅरेजमध्ये तो नाही तिथे इंजिन उतरवायचा सल्ला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रेशर स्विच काढायचा, त्या जागी आट्याला जुळणारा अॅडॉप्टर लावून गेज बसवायचा. इंजिन नीट गरम करायचं. फॅन एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत तरी चालू ठेवायचं, कारण थंड इंजिनाचे आकडे फसवे असतात. मग आयडल, दोन हजार, तीन हजार, तिन्हीचे आकडे कागदावर लिहायचे. नुसते बघून 'ठीक वाटतंय' म्हणायचं नाही.

ढोबळ हिशोब जुना आहे, दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार. यापेक्षा थोडं वरच असावं. अशा इंजिनात गरम आयडलला एक बारच्या आसपास आणि तीन हजारला तीन-साडेतीन बार मिळालं तर मी शांत झोपतो. आकडे सगळीकडे चांगले आणि दिवा तरी लागतो, तर पहिला गॅरेजवाला बरोबर. स्विच आणि त्याची वायर बदला, विषय संपला. आयडलला ०.४ आणि तीन हजारला २.८, म्हणजे इंजिनाच्या आत दाब गळतोय पण पंपात दम आहे. ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंगं झिजताहेत. सगळीकडेच दीडच्या आत, तर पंप, पंपातला जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह कचरा अडकून उघडा राहिलेला, किंवा बेअरिंगं अगदीच गेलेली.

आणि एक चौथा प्रकार आहे, तो ओळखणारे कमी. आयडलला बरं, दोन हजारला थोडं वाढतं, आणि तीन हजारला काटा थरथरत खाली येतो. पंप जितका जोरात ओढतो तितकं त्याला कमी मिळतं. ही जाळी तुंबल्याची खूण. स्ट्रेनरच्या नळीची ओ-रिंग कडक होऊन पंप हवा ओढत असला तरी असंच दिसतं.

फलटणच्या एका टॅक्सीवाल्याची अशीच गाडी माझ्याकडे आली होती. इंजिन हेच, लक्षणं जवळपास तुमचीच. त्याला दोन ठिकाणी फुल इंजिन सांगितलं होतं आणि तो बायकोचे दागिने गहाण ठेवायच्या बेतात होता. गेज लावला: आयडल ०.९, दोन हजारला १.६, तीन हजारला १.१ आणि काटा नुसता नाचतोय. मी त्याला म्हटलं, दागिने घरी ठेव. ऑइल काढलं, चेंबरचे बोल्ट काढले. या इंजिनाचा चेंबर गॅस्केटवर नसतो, सिलिकॉन सीलंटवर बसवलेला असतो. आधी कोणीतरी गळती थांबवायला चेंबर काढून परत बसवला होता आणि सिलिकॉनची लड अशी घातली होती की बोल्ट आवळल्यावर ती बाहेर जेवढी आली तेवढीच आतही आली. आतली गरम ऑइलमध्ये सुटली. जाळी हातात घेतली तर तिच्यावर शेवयांसारखे काळे तुकडे गुंडाळलेले, आणि मध्ये जळक्या ऑइलचा डांबरासारखा थर. जाळीचा जेमतेम चौथा भाग उघडा असेल. पूर्वी कोणीतरी इंजिन फ्लशची, म्हणजे इंजिन आतून धुवायच्या रसायनाची, बाटलीही घातली होती. वर्षानुवर्षं भिंतींना शांत चिकटून बसलेला गाळ तिने सोडवला आणि थेट जाळीवर आणून ठेवला.

चेंबर खाली आलाच होता म्हणून एका बिग एंडची (पिस्टनच्या रॉडचं क्रँकवर बसणारं टोक) कॅप खोलून बेअरिंग बघितलं. हे मी नेहमी करतो, अर्ध्या तासाचं काम आहे. कॅपवर खूण करायची, त्याच रॉडला, त्याच बाजूने परत बसवायची, बोल्ट नवे. बेअरिंगचा पत्रा राखाडी होता, तांबूस रंग कुठेच दिसत नव्हता, क्रँकवर नख फिरवलं तर कुठे अडकलं नाही. नशीबवान माणूस. नवा स्ट्रेनर, नवी ओ-रिंग, चेंबर घासून सिलिकॉनची बारीक सरळ लड, नवा फिल्टर, योग्य ऑइल. पाचशे किलोमीटरला ऑइल पुन्हा बदललं, कारण वरच्या कोपऱ्यांतला उरलेला गाळ तेवढ्यात खाली येतोच. शेवटचे आकडे १.२, २.७ आणि ३.४. सगळं मिळून सात हजारांच्या आत.

तुमचंही असंच निघेल असं मी म्हणत नाही, कारण तुमची ती दोन-सव्वादोन हजारची टकटक मला स्वस्थ बसू देत नाही. आवाजाचं बोलू.

डिझेल इंजिन मुळात टकटकतंच. इंजेक्टरची बारीक टिकटिक नेहमीची. वरून, झाकणाखालून, शिलाई मशिनसारखी पटपट टिकटिक आली तर हायड्रॉलिक टॅपेट. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे हा आवाज इंजिनाच्या फेऱ्यांच्या मानाने सावकाश लागतो. टायमिंगच्या बाजूने साखळी पत्र्याच्या डब्यात हलवल्यासारखी खळखळ आली तर चेन. थंड असताना येतो आणि गरम झाल्यावर जातो तो पिस्टन स्लॅप, त्याने बहुतेकदा वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. बिग एंडचा आवाज मात्र वेगळाच: लाकडी दारावर बोटाच्या पेराने ठोकल्यासारखा, घट्ट, खालून. रेस देऊन दोन-अडीच हजारला धरा आणि पाय किंचित सोडा, त्या क्षणी तो स्पष्ट होतो. मेन बेअरिंगचा त्याहून जड, धडधड, गाडी लोडवर ओढत असताना.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाच्या हाडावर ठेवून जागा शोधता येते, पंखा आणि बेल्टपासून बाह्या जपून. नंतर एकेक सिलिंडर बंद करून ऐकायचं. स्कॅनरवर इंजेक्टर कट-ऑफ असतो, नाहीतर इंजिन बंद करून एका इंजेक्टरचं इलेक्ट्रिक कनेक्टर काढा आणि पुन्हा सुरू करा. एखादा सिलिंडर बंद केल्यावर टकटक मऊ झाली, तर त्या सिलिंडरचं बिग एंड किंवा पिस्टन पिन. जुन्या डिझेलवर शिकलेले मिस्त्री यासाठी इंजेक्टरचा पाइप ढिला करायचे. तुमच्या इंजिनासारख्या कॉमन रेलवर हे चुकूनही करू देऊ नका. तिथे दाब हजार-दीड हजार बारपर्यंत जातो, डिझेलची धार कातडीतून आत जाते आणि बोट कापायची वेळ येते.

आवाजाच्या बाबतीत मीही फसलोय, सांगायला लाज नाही. एका गाडीच्या वरून येणाऱ्या टिकटिकीला मी टॅपेट ठरवलं, आठ हजारांचा सेट मागवला, झाकण उघडलं आणि मग हाताला काजळी लागली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं गॅस्केट फुंकत होतं. सेट परत केला, गिऱ्हाइकाला चहा पाजला. त्या दिवसापासून आधी मॅनिफोल्डभोवती काजळीचा डाग बघतो, मग बाकीचं. म्हणूनच एकट्या आवाजावर किंवा एकट्या आकड्यावर मी इंजिन उघडत नाही. आकडा, आवाज आणि फिल्टर तिघं एकच गोष्ट सांगायला लागले की मग पान्हा हातात घेतो.

फिल्टरचं राहिलं. तुमच्या इंजिनात कागदी एलिमेंट असतं, ते काढून घड्या ब्लेडने कापा आणि उन्हात उलगडा. काळं ऑइल आणि मऊ काजळी चालेल. चमक दिसली की चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटली ती पोलादी, चेन किंवा पंपाकडची. न चिकटणारी, पांढरट किंवा तांबूस पापुद्र्यासारखी असेल तर ती बेअरिंगची. तांबूस दिसलं की माझा सल्ला बदलतो: मग जाळी साफ करून गाडी परत देणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं आहे.

तसं निघालं तर तिसरा गॅरेजवाला बरोबर, पण त्याच्याशी काम नीट ठरवा. 'हाफ इंजिन' या शब्दात प्रत्येक गॅरेज वेगळं काहीतरी मोजतं. क्रँक लेथवर मोजून घ्यायचा, माप चार्टवर लिहून मागायचं, ओरखडे असतील तर ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग. नुसतं नवं बेअरिंग ओरबाडलेल्या क्रँकवर घातलं तर दोन-तीन महिन्यांत टकटक परत. या इंजिनात ऑइल पंप पुढच्या टायमिंग कव्हरमध्येच आहे, म्हणजे पंपाला हात लावायचा तर कव्हर निघणार. तेव्हा चेन, टेन्शनर आणि गाइड त्याच खेपेला बदला, मजुरी एकदाच लागते. टायमिंगचं लॉकिंग टूल (क्रँक आणि कॅम जागेवर पक्के धरणारं) गॅरेजमध्ये आहे का ते आधी विचारा, 'खुणा करून बसवतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा. टर्बोची ऑइलची नळीही साफ करून घ्या, तिच्यात जळलेलं ऑइल साठून भोक अर्धं होतं. बेअरिंगच्या चुऱ्याने ऑइल कूलरही भरतो, तो धुऊन पूर्ण साफ होत नाही.

मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून जुनं इंजिन आणून बसवायचा पर्यायही कोणीतरी सुचवेल. वाईट नाही, पण ते इंजिनही कोणत्यातरी तीन लिटर ऑइलवरच जगलेलं असतं. बसवण्याआधी चेंबर उघडून जाळी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि इंजिन नंबर बदलला तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. पावती आणि मूळ गाडीचे कागद नसतील तर त्या इंजिनाच्या वाटेला जाऊ नका.

तर आता कराडमध्ये गेज असलेला मिस्त्री शोधा. गरम इंजिनाचे तीन आकडे, कापलेल्या फिल्टरचा उन्हातला एक फोटो, आणि काडीला डिझेलचा वास येतो की नाही, एवढं कळवा. तीन हजारला काटा खाली येत असेल तर फक्त चेंबर काढायला सांगा, बाकी कशाला हात लावू देऊ नका. आणि जाळी काढली की ती धुण्याआधी फोटो काढा. मिस्त्री लोक पहिल्यांदा ती डिझेलमध्ये बुचकळतात आणि पुरावा तिथेच जातो.